डावा स्पीकर

निवृत्त माणसाला एखादा तरी शौक हवा म्हणून मी दोन स्पीकर घेतले, इथपर्यंत ठीक होतं. पण सोबतच्या माहितीपत्रकात म्हटलं होतं, की दोन्हींच्या बरोबर मधोमध बसावं, म्हणजे गाणारा थेट समोर उभा राहून गातोय असं वाटतं. मी मधोमध बसलो. गाणारा उजवीकडच्या खिडकीत जाऊन बसला.

डावा स्पीकर कमजोर आहे, असा निकाल देऊन मी तो पुढं ओढला. मग कपाट सरकवलं, पडदे काढले. (त्यात फुलदाणी फुटली. ती मला कधीच आवडली नव्हती, हे त्याच वेळी बोलायची गरज नव्हती.) शेवटी डाव्या बाजूला अडचण उरली ती बायकोच्या खुर्चीची. लग्नापासून ती माझ्या डावीकडंच बसत आली आहे. अलीकडं बरीच वर्षं संध्याकाळी आम्ही नुसतेच शेजारी शेजारी बसायचो. ही अबोल झाली, असं मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगतो, ते मला लागायचं.

खुर्ची उजवीकडं गेली. त्या संध्याकाळी ती म्हणाली, कुंडीतल्या गुलाबाला कळी आलीय. मी सहज विचारलं, कुठल्या रंगाची? ती माझ्याकडं बघतच राहिली.

"आज बोलायला लागलीस तू," मी म्हणालो.

"मी रोजच बोलते. उत्तर आज आलं." तिचा आवाज जड झाला होता. "मला वाटायचं, माझा कंटाळा आलाय तुम्हाला."

तिनं डोळे पुसले, थोडा विचार केला आणि मला स्पीकरकडं पाठ करून बसायला सांगितलं. मी बसलो. गाणारा माझ्याबरोबर फिरून पुन्हा माझ्या उजव्या कानाशी आला.

कानाच्या डॉक्टरांनी डावीकडून जे काढलं, त्याचं वर्णन करत नाही. (नर्सनं मात्र ते बघायला दुसऱ्या नर्सला बोलावून आणलं.)

आता सगळं जागच्या जागी आहे. खुर्ची डावीकडं, आणि गाणारा बरोबर समोर. फक्त त्याला गायला फारसा वेळ मिळत नाही. इतक्या वर्षांत माझ्यापर्यंत न पोचलेलं सगळं बायको पहिल्यापासून सांगते आहे, आणि मी मन लावून ऐकतो. त्यातलं बरंचसं माझ्याबद्दलच आहे.