कासमचाचांचा टायम

हिंगोलीत आल्यावर मी पहिल्यांदा कुणाला वेळ विचारली, तेव्हा उत्तर मिळालं, "टायमला काय होतं? बराबर हाय. सकाळीच दोन पानं नवी फुटली."

शाळेत रुजू व्हायचा पहिलाच दिवस होता. किल्ली द्यायची राहिल्यामुळे घड्याळ बंद पडलं होतं. शेजारच्या अंगणातून एक दाढीवाले म्हातारे गृहस्थ, लेकराला कडेवर घ्यावं तसं काहीतरी घेऊन चालले होते. मी मधल्या बुटक्या भिंतीवरून विचारलं, "चाचा, टायम काय झाला?" ते थांबले, भिंतीपाशी आले आणि त्यांनी कडेवरची मातीची कुंडी माझ्या नाकाखाली धरली. कुंडीत वीतभर उंचीचं, मुंगीएवढ्या पानांचं, धुरकट हिरवं झुडूप होतं. त्याच्या तब्येतीची सगळी हकिकत ऐकून मी शाळेत पोचलो तो प्रार्थना होऊन गेली होती.

हे कासमचाचा. इथल्या जुन्या इंग्रजी छावणीत पोरवयात भांडी घासायला लागले, तिथंच खानसामा झाले, मग एका साहेबाबरोबर सिकंदराबादेला गेले. साहेब विलायतेला परतला तेव्हा त्याच्या मेमसाहेबांनी जाताना इनाम काय हवं म्हणून विचारलं. बाकीच्या नोकरांनी कुणी कोट मागितला, कुणी पलंग. चाचांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतली कुंडी मागितली आणि ती मांडीवर घेऊन हिंगोलीला आले. त्या झाडाचं विलायती नाव टायम. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग वेगळं आणि घड्याळातल्या टायमाचं वेगळं, पण कानाला दोन्ही एकच. सारा मोहल्ला चाचांना टायम विचारायला टपलेला असे आणि चाचा दर वेळी तितक्याच गंभीरपणे झाडाची खुशाली सांगत. आपली थट्टा होते हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण झाडाची विचारपूस होते आहे, मग कारण काही का असेना, असा त्यांचा हिशेब असावा.

पान चुरडलं की वास साधारण ओव्याच्या जवळपास येई. पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती. मी एकदा म्हणालो, तर चाचा मला नव्यानं पाहिल्यासारखं बघत राहिले. मग म्हणाले, "ओवा पोट साफ करतो, मास्तर. टायम दिल साफ करतो." बाजारातल्या हकीमसाहेबांनी आपल्या किताबात पाहून या झाडाला हाशा म्हणतात आणि खोकल्यावर ते उत्तम, असा निवाडा दिला होता. खोकल्याचं चाचांनी मान्य केलं. नावाचं नाही. "किताबात काय बी असू दे. माझ्या कुंडीत टायम हाय."

हिंगोलीची हवा त्या झाडाला बिलकूल मानवणारी नव्हती. ते जगलं ते चाचांच्या हट्टावर. सकाळी उन्हात, दहा वाजता लिंबाच्या सावलीत, उन्हाळ्यात ओल्या गोणपाटाच्या आडोशाला, अशा त्याच्या दिवसभर बदल्या होत. पावसाळ्यात कुंडी घरात, चाचांच्या खाटेच्या उशाशी. घरात एकच छत्री होती; अंगणातून आत नेताना ती कुंडीवर धरली जाई आणि चाचा भिजत. पाणी मात्र मोजकंच. "तहानेला राहू द्यायचा, पर बुडवायचा न्हाई," म्हणत. झाड म्हातारं होऊन लाकडासारखं झालं की त्याची एक फांदी वाकवून मातीत दाबायची, मुळं धरली की वेगळ्या कुंडीत लावायची. मी पाहत होतो ते झाड मेमसाहेबांच्या झाडाचं पतवंड होतं म्हणे.

या पाल्याचा अर्थ हिंमत, असं मेमसाहेबांनी त्यांना सांगितलं होतं. पूर्वी विलायतेत शिपाई लढाईला निघाला की बायका त्याच्याजवळ याची डहाळी देत. चाचांनी ही रीत हिंगोलीत चालू केली. कचेरीत साक्षीला निघालेला माणूस, कळमनुरीला नवरी बघायला चाललेला पोरगा, सगळ्यांच्या खिशात एकेक डहाळी. माझ्या शाळेची तपासणी होती त्या दिवशी त्यांनी माझ्याही कोटाच्या खिशात एक खोचली. तपासनीस साहेब वर्गात आले, दोनदा नाक वर करून त्यांनी वास घेतला आणि मला बाजूला बोलावून आपुलकीनं विचारलं, "पोट बिघडलंय का?" हे मी चाचांना कधी सांगितलं नाही.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो. त्या काळी आमच्या घरात चाचांच्या हातचं पाणीही चालत नसे. कुणी तसं बोललं नव्हतं. ते गृहीतच होतं. चाचांनी आम्हाला कधी शिजवलेलं काही देऊ केलं नाही, की आम्हाला नको म्हणायची वेळ यावी. ते भिंतीवरून फक्त डहाळी देत आणि माझी बायको यमुना हिला कृती सांगत. "शेंडा धरायचा आन् बोटं खाली ओढायची, बेटी. पानं आपसूक हातात येतात. काडी फेकून द्यायची." मग वांग्याच्या भरतात, मुगाच्या डाळीत, एकदा तर पिठल्यातही तो पाला पडला. चाचा भिंतीपलीकडे उभे राहून वास घेत आणि तेल तापलं की नाही ते तिथून सांगत. यमुनेला ते आवडायचं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला उद्योग नाही.

महायुद्धाच्या दिवसांत यमुनेला विषमज्वर झाला. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण तोंडाची चव पार गेली. डॉक्टर म्हणाले, आता अन्न पोटात गेलं तरच बाई उठेल. ती दोन घास घेई आणि ताट सारून देई. तिचे डोळे खोल गेले होते, बांगड्या कोपरापर्यंत मागे सरत. घरात करणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि माझी अक्कल चहापुरतीच.

एका दुपारी चाचांनी डहाळी दिली आणि मुगाची मऊ खिचडी सांगितली. मी आत, ते भिंतीपाशी.

"मास्तर, खाली लागून राहिली," भिंतीवरून आवाज आला.

मी ढवळली. पाणी घातलं. ते फार झालं. पुन्हा लागली. पन्नास वर्षं रांधलेला माणूस चार हातांवर उभा होता आणि मी आत त्याच्या डोळ्यांदेखत मूग जाळत होतो. आतल्या खोलीतून यमुनेचा आवाज आला. तिनं उठून बसायला भिंतीचा आधार घेतला होता. "अहो," ती म्हणाली, "त्यांना आत बोलवा."

चाचांनी ते ऐकलं. पण ते तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी जळक्या खिचडीत पळी फिरवत राहिलो. गावाकडचे काका, घरमालक, शेजारपाजार, सगळे त्या तेवढ्या वेळात डोळ्यांपुढून गेले. फार वेळ नव्हता तो. पण अजून टोचतो. मग मी म्हणालो, "या, चाचा."

ते वळले आणि आपल्या घरात निघून गेले. मला वाटलं, गेले रागावून. पाव तासानं दारात आले ते आंघोळ करून, साहेबाकडचा पितळी बटणांचा पांढराशुभ्र अंगरखा घालून. जुनी कपाटातली घडी अंगावर तशीच दिसत होती. उंबऱ्याशी त्यांनी पुन्हा हातपाय धुतले. चुलीपाशी बसल्यावर मात्र ते कुणाला काही विचारेनात. लाकूड मागं ओढलं, पाला तळहातावर चोळला, झाकण ठेवलं. हळूहळू घरभर वास पसरला आणि आत यमुना म्हणाली, भूक लागली.

तिनं वाटीभर खिचडी खाल्ली. मग आणखी थोडी मागितली. मी तोंड दुसरीकडे केलं.

"आता तुम्ही दोघं बसा," ती म्हणाली. मी पाटावर बसलो. चाचांनी माझं ताट वाढलं आणि खांद्यावर फडकं टाकून माझ्या पाठीमागे उभे राहिले. मी बसा म्हटलं, तर हसले. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा हळूच म्हणाले, "आदत न्हाई, मास्तर. ज्याच्यासाठी रांधलं त्याच्या संगं बसून कधी खाल्लं न्हाई. आन् घरी तर मी एकलाच असतो."

यमुनेनं पडल्यापडल्या दुसऱ्या पाटाकडे बोट दाखवलं. मी उठून त्यांचं ताट वाढलं. ते पाटाच्या कडेवर, कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं असे बसले. पहिला घास बराच वेळ चावला. मग आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत विचारलं, "मीठ कमी तर न्हाई झालं?"

मी म्हटलं, बरोबर आहे. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.