बर्फ पडला तर घालायचा कोट

टेलरमास्तरांनी एका रविवारी ठरवलं, की आपण जपानी शिकायचं. वय अडुसष्ट. शाळा म्हणाल तर चौथीत सुटलेली. पण माणूस हट्टाला पेटला की वय आणि शाळा दोन्ही गप्प बसतात. बायको तेवढी बसत नाही.

"आधी चष्मा कुठं ठेवता ते लक्षात ठेवायला शिका," ती म्हणाली.

कारण साधं होतं, आणि वाईट होतं. मुलगा नोकरीला जपानला गेला, तिथलीच मुलगी केली, आणि दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापानं गेला. मागे राहिली सून आणि सात वर्षांची नात. दर रविवारी दोघी फोनच्या पडद्यावर येत. पूर्वी मधे मुलगा असायचा, इकडचं तिकडे सांगायला. आता नात हात हलवायची, मास्तर हात हलवायचे. सून वाकायची, बायको वाकायची (कमरेत उसण भरेपर्यंत). मग सगळे गप्प. मागचा फोन तीन मिनिटांत आटपला होता. असाच आटपत गेला तर एखाद्या रविवारी येणारच नाही, हे मास्तरांना कळत होतं.

मुलानं जाताना इथून नेलेला लोकरी ओव्हरकोट त्याच्या सामानातून परत आला होता, अर्धाअधिक कसरीनं खाल्लेला. उरलेल्या कापडाचा नातीला लहान कोट करायचा, पडद्यावर दाखवायचा आणि तिच्या भाषेत म्हणायचं, "बर्फ पडला तर हा घाल." एवढं एकच वाक्य.

मागच्या गल्लीत भाषांचा क्लास घेणाऱ्या बाई राहत. मास्तर तिथं जाऊन उभे राहिले.

"अहो मास्तर, हे 'तर' फार पुढच्या धड्यात येतं. आधी 'हे पुस्तक आहे' शिका."

"पण बाई, मला तिला पुस्तक कुठं दाखवायचंय?"

बाईंनी हात टेकले. "बरं, ऐका. पडणं म्हणजे 'फुरू'. शेवटचा 'रू' काढायचा, 'त्तारा' लावायचा. फुत्तारा. पडला तर."

"म्हणजे ऑल्टरेशन!" मास्तरांचा चेहरा उजळला.

"तसंच समजा. खाणं 'ताबेरू', खाल्लं तर 'ताबेतारा'. येणं 'कुरू', आला तर 'कितारा'. शिवाय 'ताबेरेबा' म्हणून आणखी एक तऱ्हा आहे."

"प्रत्येकाचं माप वेगळं?"

"वेगळं. दहा क्रियापदं घोटून या. एकच पाठ केलंत तर नुसता पोपट व्हाल."

पोपट होण्याइतकंही मास्तरांना जमेना. घरी येईपर्यंत 'फुत्तारा' कुठंतरी गळून पडायचं. त्यांची अक्कल पहिल्यापासून बोटांत. मग ते मशीनवर बसले. नातीचा कोट तयार होत आला होता. त्याच्या बाहीचा कफ उसवायचा, टोक साफ कापायचं, कफ पुन्हा जोडायचा. कापताना 'फु', जोडताना 'त्तारा'. चुकलं की परत उसवायचं. उसवलं की लोकरीचे धागे निघायचे, म्हणून काठ परत कापायचा. बोटभर, जास्त नाही. आणि एका बाहीवर शिकलेलं दुसऱ्या बाहीवर करायचंच, कारण दोन बाह्या सारख्या हव्यात (इतकी वर्षं धंदा काय उगीच केला?). अशी दहा क्रियापदं झाली. एकही चुकेना.

शनिवारी बायकोनं कोट उचलला.

"अहो, बाही कुठाय?"

"ही काय."

"ही? ही कोपराच्या आतच संपली!"

मास्तरांनी टेप लावली. उलटी लावली, सुलटी लावली.

"मग लावा की दुसरं कापड."

"दुसरं कुठून आणू?" मास्तर म्हणाले. "त्याचा एकच कोट होता."

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

रविवारी फोन आला. बाईही येऊन बसल्या होत्या. मास्तरांनी बाह्या मागे दुमडल्यासारखं करून (दुमडायला होतं काय?) कोट धरला आणि सावकाश म्हणाले, "युकी गा फुत्तारा, किते ने."

पडद्यावर नात एकदम थांबली. मग तिनं आईला हाक मारली आणि भराभर बोलायला लागली. दोन वर्षांत इतकं बोलली नव्हती.

"काय म्हणते?" मास्तर बाईंकडे वळले.

"ती म्हणते, आजोबा बोलले!" बाई म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "आणि म्हणते, आमच्या बेटावर बर्फ कधीच पडत नाही. तिनं अजून पाहिलेला नाही."

मास्तरांनी हातातल्या कोटाकडे पाहिलं. मुलानं इतकी वर्षं फोन केले. 'जेवलास का' विचारायचं आणि फोन बायकोकडे द्यायचा, एवढीच त्यांची रीत. तिथं हवा कशी असते, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

बायको खाली बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"होतं. पोरगा सांगायचा, फार उकडतं म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"दोन वर्षांनी घरात मशीनचा आवाज आला. मी कशाला बोलू?"

तेवढ्यात नात पडद्याजवळ आली, कोटाकडे बोट दाखवत काहीतरी विचारू लागली. बाईंनी तोंडाला पदर लावला.

"सांगा, सांगा," मास्तर म्हणाले.

"ती विचारते, हा आमच्या कुत्र्यासाठी शिवलाय का? बाह्या अगदी त्याच्या पायांच्या मापाच्या आहेत म्हणे."

पडद्यावर सून हसत होती, नात हसत होती. तिकडून एक केसाळ थोबाडही आत डोकावलं. फोन सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि खडू कानावर ठेवला.

"विचारा तिला," ते म्हणाले, "छाती किती आहे त्याची?"