बोंबील मोजणारे तामोरेकाका

चिंचणीच्या किनाऱ्यावर सकाळी उन्हं चढायच्या आत गेलात, तर बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांखालून एक सत्तरीचे गृहस्थ बोट वर करून पुटपुटत चाललेले दिसतील. हातात वही, कानावर पेन्सिल. ते बोंबील मोजतात. विकत घेत नाहीत, भाव विचारत नाहीत, नुसते मोजतात. लग्न होऊन नव्यानेच गावात आलेल्या एका सुनेने त्यांना सरकारी माणूस समजून चहा पाजला आणि मदतीच्या यादीत आपलं नाव घालायला सांगितलं. काकांनी चहा घेतला आणि म्हणाले, "यादी नाय गं पोरी, चित्र काढतोय." ती बिचारी चहा फुकट गेला म्हणून हळहळली.

हे आमचे शेजारी तामोरेकाका. मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे ते मला आपल्याच जातकुळीतला समजतात. नोकरीत असताना ते बोईसरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथे प्लॉटर होता, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कागदावर खरंखुरं पेन फिरवणारं यंत्र. कारखान्याने तो भंगारात काढला तेव्हा काकांनी निरोपाची भेट म्हणून तोच मागून घेतला आणि टेम्पोत मागे त्याला धरून बसून घरी आणला. आता त्यांच्या पुढच्या खोलीत तो आहे आणि पाहुण्यांना बसायला जागा नाही.

"संगणकाची चित्रं काय कालची नाय, मास्तर," असं काका सुरू झाले की मी घड्याळाकडे बघणं सोडून देतो. पूर्वी इंजिनीअर लोक ऑफिस सुटल्यावर अशाच यंत्रांकडून रेघा काढून घेत. दर वेळी तेच चित्र येऊ नये म्हणून यंत्राला वाटेल ते आकडे खायला घालत. चित्रकारांनी तेव्हा नाकं मुरडली. "तुमच्याच लोकांनी," असं ते माझ्याकडे बघून म्हणतात, जसा काही मी तेव्हा हजर होतो. हा इतिहास मी रिक्षात ऐकला आहे, बारशाला ऐकला आहे आणि एकदा गालाला साबण लावलेला असताना ऐकला आहे. एका हळदीत कुणीतरी मोबाइलने बनवलेलं चित्र फिरवत होतं, त्यात नवरदेव सिंहासनावर बसला होता. काकांनी शांतपणे विचारलं, "यात पेन कुठं टेकलं?" नवरदेव जेवायला निघून गेला.

बोंबलांचं असं की, यंत्राने स्वतः काढलेल्या आकड्यांवर काकांचा विश्वास नाही. "बंद करून चालू केलं की परत तेच उगाळतंय. दर्या तसं नाय करत." म्हणून दर दोरीवर पहिल्या दोन बांबूंच्या मध्ये किती बोंबील आहेत, तो आकडा यंत्राला द्यायचा. दर दोरीची एक रेघ, किनाऱ्यावर दोऱ्या ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. आकडा मोठा तर रेघ लांब, सम आला तर उजवीकडे वळेल, विषम आला तर डावीकडे. पहिले दोन महिने प्रत्येक रेघ उजवीकडेच गेली. पेनाने कागदाच्या त्याच कोपऱ्यात गिरवून गिरवून भोक पाडलं. काका आठवडाभर यंत्र खोलून बसले होते. शेवटी आतल्या खोलीतून हिराकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीनं टांगतात. विषम कुठून येतील? कोळ्याच्या घरात जन्मलात ना तुमी?" तेव्हापासून काका जोड्या मोजतात.

यंदा पालघरला आम्ही चित्रकलाशिक्षकांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. अर्जावर दोन चौकोन होते. हाताने काढलेली चित्रं भिंतीवर लागणार, संगणकाची नुसती पडद्यावर दिसणार. काका आपल्या चित्राची गुंडाळी घेऊन आले आणि म्हणाले, "भिंतीवर पायजे." मी नियम दाखवला. ते दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशीही आले आणि गुंडाळी माझ्याकडेच ठेवून गेले. तीस वर्षं माझी बोटं रंगाने बरबटली आहेत, तेव्हा यंत्राच्या रेघांना भिंत द्यायची माझ्या जिवावर आली होती. हे खरं ते सांगतो.

चौथ्या दिवशी चित्र परत करायला मीच त्यांच्या घरी गेलो. काका बाहेर गेले होते. हिराकाकू पलंगावर बसून आदल्या दिवशीच्या चित्रावरून बोट फिरवत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी त्या दोऱ्यांवर बोंबील टांगले. दोन वर्षांपूर्वी पायांतलं बळ गेलं. चाकांची खुर्ची आणली, पण लोक बघतील म्हणून त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

"ही शेवंतीची दोरी," त्या मला दाखवू लागल्या. "अर्धीच भरलीय. गुडघा धरला असंल तिचा." मग हसून म्हणाल्या, "ते तुमच्या मागं लागलेत ना? माझीच चूक हाय. मी चेष्टेत बोलले, तुमचं चित्र पालघरला भिंतीवर लागलं तर खुर्चीत बसून बघायला येईन. त्यांनी तेच धरून ठेवलंय."

मला माझीच लाज वाटली. मी गुंडाळी तशीच काखेत घेऊन परत आलो आणि अर्जावर पहिल्या चौकोनात खूण केली. समितीत भांडण झालं. मी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला.

प्रदर्शनाच्या दिवशी हिराकाकू आल्या. सणाची साडी, मान खाली. काका खुर्ची ढकलत होते आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येकाकडे रागाने बघत होते. चित्रासमोर आल्यावर काकूंनी मान वर केली. एकेक दोरी ओळखून त्या कोणाची ते सांगू लागल्या, तशी माणसं जमली. चौथ्या रेघेपाशी त्यांचं बोट थांबलं.

"ही चुकलीय. या दोरीवर एवढ्या जोड्या मावतच नाय. तुमाला मोजता येत नाय. उद्या मीच येते."

काकांनी इतिहास सांगायला घसा खाकरून ठेवला होता. तो त्यांना काही आठवला नाही. "लवकर उठावं लागंल," एवढंच ते म्हणाले.

"तुमी उठता तेव्हा मी रोज जागीच असते," काकू म्हणाल्या.