तीन मिनिटे अकरा सेकंद

सभागृहात शांतता पसरली होती. शोकसभेत असते तशी नव्हे. शोकसभेला मयत इसमच येऊन बसला तर पसरेल, तशी. व्यासपीठावरून शेंडेफळाने नुकतेच वाचले होते, "आज माझे वडील हयात असते, तर हा निरोपसमारंभ पाहून त्यांचे डोळे भरून आले असते." आणि त्याचे वडील राखाडी शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. डोळे कोरडे. त्यांच्या बाजूने 'टक्' असा एक बारीक आवाज आला. बाकी कुणी खोकलेसुद्धा नाही.

शेंडेफळ हे अर्थातच त्याचे खरे नाव नव्हे. कॉलेजच्या मुलामुलींच्या मिश्र रिले संघात तो चौथा, म्हणजे शेवटचा धावणारा. म्हणून हे नाव. चार वर्षांत तो एकच विद्या मन लावून शिकला होता : हात मागे पसरून पळत सुटायचे, आणि मागचा त्या हातात बॅटन ठेवेल यावर विश्वास ठेवायचा. "मागं बघितलंस की मेलास," कोच सांगत. "हातात येईल ते घे आणि सूट." पदवीही त्याने याच तत्त्वावर मिळवली होती. दुसऱ्यांच्या वह्या मागून येत. तो त्या न बघता परीक्षेपर्यंत नेई आणि तिथे सोडून देई.

निरोपाचे भाषण कुणी लिहायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा कोचनी निकाल दिला, की संघ चौघांचा, तेव्हा भाषणही चौघांचे. 'कॉलेजने मला काय दिले' यावर प्रत्येकाने एकेक पान लिहावे, पान पालथे करून पुढच्याच्या हाती द्यावे, आणि शेवटच्याने चारही वाचावीत. एकदा आधी वाचून पाहू, असे कुणालाही सुचले नाही. सुचले असते तर ते रिलेवाले कसले?

पहिले पान घाईचे होते. घाई म्हणजे पहिला धावणारा, ज्याचे पाय पिस्तुलाची वाट पाहत नसत. त्याचे वडील पहिल्याच वर्षी गेले होते. त्याने लिहिले होते ते अक्षर न् अक्षर खरे होते. फक्त ते वाचणारे तोंड चुकीचे होते.

शेंडेफळाच्या वडिलांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. चार वर्षांत ते मुलाच्या एकाही शर्यतीला आले नव्हते. "चार वर्षं घाम गाळून अर्धा सेकंद वाचवलास," ते म्हणत. "माझं गिऱ्हाईक चष्मा शोधण्यात त्याहून जास्त घालवतं." आजही ते निमित्त काढूनच आले होते : कोचचे अडकलेले स्टॉपवॉच दुरुस्त होऊन पडले होते, ते पोचते करायचे होते. पण आईने सकाळीच मुलाला बाजूला घेतले होते. "येतायत ते," ती म्हणाली. "पळण्याबद्दल एक तरी शहाण्यासारखं वाक्य त्यांच्या कानावर पडू दे. मग मी आयुष्यात काही मागणार नाही."

शहाणा माणूस पहिल्या पानावरच थांबला असता. पण थांबणे शेंडेफळाच्या पायांना कुणी शिकवलेच नव्हते, आणि त्याची जीभ पायांच्याच शाळेत वाढलेली. त्याने दुसरे पान घेतले. ते ताईचे होते, संघाच्या कर्णधार मुलीचे.

"मुलगी असून मी अर्ध्या चड्डीत धावते," तो गंभीरपणे वाचू लागला, "याचा शेजारच्या काकूंना जो त्रास झाला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे."

मागच्या रांगांतून हसू फुटले. अध्यक्षस्थानी असलेल्या प्राचार्यांनी चष्मा पुसून कार्यक्रमपत्रिका पुन्हा पाहिली. तेवढ्यात तिसरे पान आले. ते झोप्याचे, तिसऱ्या धावणाऱ्याचे.

"प्राचार्यांच्या तासाला जी शांत झोप लागली, ती मला वसतिगृहातल्या गादीनेही दिली नाही. धावणाऱ्याला विश्रांती देणारे गुरू विरळाच."

कोचनी शिट्टी तोंडात धरली. वाजवण्यासाठी की गिळण्यासाठी, हे कळायला मार्ग नव्हता.

आता उरले शेंडेफळाचे स्वतःचे पान. काय लिहिले होते ते आठवत नव्हते, पण निदान इथे तरी किनारा लागेल, म्हणून त्याने ते आशेने उलटले. त्यावर त्याच्याच वळणदार अक्षरात एकच ओळ होती : 'वरील तिघांच्या प्रत्येक शब्दाशी मी पूर्ण सहमत आहे.'

चार वर्षांत पहिल्यांदाच तो रेषेच्या अलीकडे थांबला. त्याने कागद खाली ठेवला, आणि मान वर केली.

"माझे वडील जिवंत आहेत," तो म्हणाला. "तिसरी रांग, राखाडी शर्ट."

पुन्हा 'टक्' झाले.

"वडील घाईचे गेले. आठवड्याच्या आत तो सरावाला आला. आम्ही कुणी काही विचारलं नाही. त्याच्या हातून निघालेलं बॅटन माझ्यापर्यंत यायचं, तेव्हा ते ओलं असायचं. मला वाटायचं, घाम असेल. एकदा तरी मागं वळून बघायला हवं होतं. मुलगी मी नाही, हे दिसतंच आहे. झोपेचं मात्र खरं आहे सर."

टाळ्यांना घाईने सुरुवात केली, नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी. प्राचार्यांच्या टाळ्या सर्वांत शेवटी आल्या, पण आल्या.

बाहेर जिन्याशी वडील उभे होते. त्यांनी स्टॉपवॉच मुलाच्या तळहातावर ठेवले. काटे तीन मिनिटे अकरा सेकंदांवर थांबलेले.

"एवढा वेळ मेलो होतो," वडील म्हणाले. "चालतंय बरोबर. दे कोचना."

"बाबा, मी ते पान आधी..."

"अर्धा सेकंद म्हणजे किती, ते आज कळलं," वडील म्हणाले. "मेल्यावर फार लांब वाटतो."

शेंडेफळाला हसावे की पाया पडावे, ते समजेना. त्याने विचारले, "रविवारी शेवटची शर्यत आहे. याल?"

वडिलांनी त्याच्या हातून स्टॉपवॉच परत घेतले. अंगठ्याने कळ दाबून काटे शून्यावर आणले, एकवार किल्ली पिळून पाहिली, आणि ते कोचकडे न देता आपल्याच खिशात टाकले. मग मागे वळून न बघता ते जिना उतरून निघून गेले.