गाडी दाबून बघणारे मोरेकाका

आमच्या मांजर्लीच्या सोसायटीत कुणाकडे पाहुणे आले, की मोरेकाका आधी त्यांच्या गाडीला भेटतात. दोन्ही तळहात बॉनेटच्या कोपऱ्यावर ठेवायचे, अंगाचा भार टाकून गाडी खाली दाबायची आणि एकदम सोडायची. मग मान वाकडी करून ती किती वेळा हलते ते मोजायचं. एकदाच वर येऊन थांबली तर, "तब्येत ठणठणीत." तीनदा हलली, तर पाहुण्यांना पाणी मिळायच्या आधी निदान मिळतं. "शॉकअप गेलेत तुमचे. सावकाश जा."

समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाची फुलांनी सजवलेली गाडी दाबली. हार तुटला. मुलाकडचे धावून आले. काका शांतपणे म्हणाले, "मुलगा चांगलाच असेल हो. पण पुढचा डावा शॉकअप गळतोय."

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. काकू जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला. घरात दुसरं माणूस नाही. खाली वीस वर्षांची पांढरी गाडी. ती एका पुरात दोन दिवस काचांपर्यंत पाण्यात होती. नंतर चालू झाली, पण आत बसलं की कुणी चाळणीत घालून चाळतंय असं वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर काकांनी एकाएकी जाहीर केलं, "गाडी मऊ करायची."

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, विकून टाका ना ती." काकांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. मी शेजारी राहते, शाळेत शिकवते आणि मला नाही म्हणता येत नाही, हे तिन्ही गुण त्यांना माहीत आहेत.

शॉकअप घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदाराने लालभडक जोडी काढली. "साईं, ये स्पोर्टवाला लो. गाडी रोड को चिपक के चलेगी."

"चिपकना नहीं है," काका म्हणाले. "तरंगना है. गाडीबरोबर आला होता तसाच साधा दे."

मुलाने हौसेने बसवून दिलेले रुंद, चपटे टायरही त्यांनी उतरवले आणि मूळ मापाचे जाड टायर चढवले. "टायर म्हणजे गादी. गादी पातळ केल्यावर पाठ दुखणारच."

मग अंबरनाथचं गॅरेज. इक्बालभाईंनी चाकांच्या दांड्यांमधले झिजलेले रबरी बुश बदलले आणि गाडी जॅकवर असतानाच नट आवळायला घेतले. काका ओरडले, "थांब! चाकं लोंबकळतायत. आत्ता आवळलंस, तर गाडी खाली टेकल्यावर रबर पिळलं जाईल. कडक होईल, फाटेल."

शेवटी गाडी गॅरेजमधल्या, खालून काम करायच्या खड्ड्यावर, चाकं जमिनीला टेकवून उभी केली. भार हवा म्हणून काकांनी मला, समोरच्या चहावाल्याला आणि स्कूटर दुरुस्तीला आलेल्या एका अनोळखी गृहस्थांना आत बसवलं. खालून इक्बालभाईंचा आवाज आला, "काका, गाडी बना रहा हूँ या फॅमिली फोटो निकाल रहा हूँ?"

त्यानंतर दर रविवारी परीक्षा. मी मागे, डोळे मिटून. काका चालवत विचारायचे, "बोल, कंबर काय म्हणते?"

"बरं म्हणते."

"बरं नको. कुठे लागलं ते सांग."

मी सांगायचे. ते घरी येऊन गाडीच्या दारावरचं हवेच्या मापाचं स्टिकर वाचायचे आणि हवा थोडी कमी करायचे. पंपावरचा माणूस सगळ्यांना सारखीच हवा ठासतो, ही त्यांची जुनी तक्रार. महिनाभर हे चाललं. काका आता पुरते कामातून गेले, असं मी घरी सांगितलंसुद्धा.

मग एका सकाळी त्यांनी मला बसवून गाडी चामटोलीला घेतली. तिथे त्यांची मोठी बहीण, अक्का, ओट्यावर बसली होती. वर्षापूर्वी पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

"इस्पितळातून घरी आणताना प्रत्येक खड्ड्याला ओरडत होती," काका मला हळूच म्हणाले. "गाडी माझीच होती. मीच चालवत होतो."

तेव्हापासून अक्का कुठल्याच वाहनात बसली नव्हती. अंबरनाथ पश्चिमेला तिची मैत्रीण लीलाबाई. दोघींनी तीस वर्षं कारखान्यात एका टेबलावर पॅकिंग केलेलं. लीलाबाईंचे गुडघे गेलेले, हिचा खुबा. फोनवर बोलायच्या, पण दोघींना ऐकू कमी, त्यामुळे निम्मा वेळ "कोण बोलतंय?" यातच जायचा. आज काकांना अक्काला तिच्याकडे न्यायचं होतं.

"दाम्या, पहिल्या धक्क्याला माघारी फिरवायची," अक्काने काकांना बजावलं.

ती माझा हात गच्च धरून बसली. पहिला खड्डा आला. काकांचे खांदे कानाला लागले. गाडी हलकेच खाली गेली, वर आली. पुढे कधीतरी अक्काची पकड सैल झाली. मी पाहिलं, तर ती तोंड उघडं टाकून घोरत होती.

लीलाबाई नवी साडी नेसून फाटकात उभ्या होत्या. काकांनी खिडकीतून ओठांवर बोट ठेवलं. "झोपलीय. वर्षभर नीट झोपली नाही ती."

"मग उठवतोस कशाला? मलाच आत घे."

मी उतरून त्यांना जागा दिली. त्या कण्हत बसल्या आणि अक्काचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, जरा जास्तच वेळ. "एक फेरी मारून येतो," म्हणाले.

मी फाटकात उभी राहिले. गाडी आली, न थांबता गेली. पुन्हा आली, गेली. चौथ्या फेरीला अक्का जागी होती. दोघी एकमेकींच्या कानात ओरडून काहीतरी सांगत होत्या, खदखदून हसत होत्या. मी हात केला. काकांनी मला पाहिलं, मान हलवली आणि गाडी तशीच पुढे नेली.