भांडणाचा दाखला

लग्न झाल्यावर बायकोने नवऱ्याच्या घरी राहायला जावे, ही तशी साधी गोष्ट आहे. माझ्या नवऱ्याचे घर दुसऱ्या देशात असल्यामुळे ती चौऱ्याण्णव पानांची झाली. पाने दोन्ही बाजूंनी छापलेली होती.

माझे पती घड्याळजी आहेत. आमच्या गावच्या मनोऱ्यावरचे घड्याळ बावीस वर्षे वीस मिनिटे मागे होते आणि सारे गाव त्याच्याशी जुळवून घेऊन सुखात होते. मग कुणीतरी ते दुरुस्त करण्याचा ठराव मांडला. त्या बनावटीच्या घड्याळाचा जाणकार देशात मिळेना, म्हणून परदेशातून मागवला. तो आमच्या इमारतीत, माझ्या शेजारच्या खोलीत उतरला. दुरुस्तीला सात महिने लागले. तेवढ्यात तो आमची भाषा शिकला, पण शिकला ती खालच्या मजल्यावरून. खाली काका-काकू राहतात. दोघे एकतीस वर्षे रोज भांडतात आणि आमच्या इमारतीतल्या फरश्या फार पातळ आहेत.

त्यामुळे जिन्यात पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्याने टोपी काढली, किंचित वाकला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "तुमच्या माहेरच्यांनी तुम्हाला हेच शिकवलं का?"

मी म्हणाले, "हो."

कारण मी खोटे बोलत नाही. रोज सकाळी दिवा लावला की मी दोन नेम धरते. आज खोटे बोलायचे नाही, आणि आज कुणाला टाकून बोलायचे नाही. नेम त्या दिवसापुरते. उद्याचे उद्या धरायचे. लग्न झाल्यावर त्यानेही ते धरले. मी सांगितले नव्हते. "दोन काटे, चावी एकच," एवढेच तो म्हणाला आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

लग्नानंतर चार महिन्यांनी त्याची मुदत संपली आणि त्याला परत जावे लागले. तेव्हापासून रोज सकाळी सातला तो फोनवर दिसतो. मागे टेबल, टेबलाशी दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची त्याने माझ्या उंचीची, स्वतःच्या हाताने बनवली आहे. सध्या तिच्यावर एक मांजर बसते. पहिल्या महिन्यात ते काठावर बसायचे. पाचव्या महिन्यात मधोमध. मला त्या देशात लवकर पोचणे भाग होते.

त्या देशाच्या व्हिसा कचेरीत 'विवाहसत्यता कक्ष' नावाची स्वतंत्र शाखा आहे. खोटी लग्ने पकडणे हे तिचे काम. पद्धत अगदी न्याय्य. चाळीस प्रश्न नवऱ्याला तिकडे, तेच चाळीस बायकोला इकडे, एकाच वेळी, बंद खोलीत. मग उत्तरे ताडून पाहायची. आम्ही दोघांनी जे खरे ते लिहिले. तीन आठवड्यांनी मला खिडकी क्रमांक चारवर बोलावणे आले.

खिडकीतल्या बाई सज्जन होत्या. त्यांनी माझी फाईल उघडली, मिटली, परत उघडली.

"बाई, तुमची चाळीसपैकी चाळीस उत्तरं जुळलीत."

"देवाची कृपा," मी म्हणाले.

"कृपा कसली? साठ टक्क्यांच्या खाली जुळली तर लग्न खोटं, आणि नव्वदच्या वर जुळली तर पाठांतर. शंभर टक्के आजवर फक्त दोन टोळ्यांची आलीत. दोन्ही आत आहेत."

"पण आम्ही खरंच लिहिलंय."

"तेच तर संशयास्पद आहे ना! हा प्रश्न सतरा बघा. बायकोला नवऱ्याची कोणती सवय खटकते? त्यांनी लिहिलंय, मी ओला टॉवेल पलंगावर टाकतो, ती उचलते आणि हसते. तुम्हीही तेच लिहिलंय. हसते कोण हो, ओला टॉवेल बघून? माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. मी एकदाही हसले नाही."

मला त्यांचे वाईट वाटले. त्यांनाही माझे वाटले असावे, कारण त्यांनी आवाज खाली आणून नियम बारा काढून दाखवला. अतिरिक्त सुसंवाद आढळल्यास अर्जदाराने पतीशी झालेल्या किमान एका अस्सल भांडणाचा दाखला सादर करावा. भांडण नोटरीसमोर झालेले असावे. विवाहित साक्षीदार दोन. कालावधी वीस मिनिटांपेक्षा कमी नसावा. विषय कोणताही चालेल, परंतु मागच्या एखाद्या भांडणाचा उल्लेख आवश्यक.

"आमचं मागचं भांडण नाहीये," मी म्हणाले.

"मग आधी ते करा," बाई म्हणाल्या. "पुढचा!"

घरी येऊन मी काकूंना सांगितले. काकूंचा चेहरा एकदम उजळला. एकतीस वर्षांत त्यांच्या कलेला कुणी विचारले नव्हते.

"अगं, एवढंच ना? रविवारी आमच्याकडेच कर. अहो, ऐकलंत का? हिला भांडण शिकवायचंय."

"तू शिकवणार?" काका वर्तमानपत्राआडून म्हणाले. "तुला मुद्दा कुठे धरता येतो? तू फक्त आवाज चढवतेस."

"बघ," काकू मला म्हणाल्या, "ही सुरुवात. लिहून घे."

माझी अडचण नेमाची होती. काकूंनी तीही सोडवली. रविवारी सकाळी टाकून न बोलण्याचा नेम धरायचाच नाही, खोटे न बोलण्याचा मात्र धरायचा. म्हणजे भांडण खरे होईल. मी रात्रभर विचार केला आणि रविवारी दिवा लावल्यावर हात जोडून गप्प बसले. सवयीने दोन्ही नेम धरले गेले. पंचवीस वर्षांचे वळण, एका सकाळपुरते मोडत नाही.

दहाच्या ठोक्याला नोटरी आले. बारीक चणीचे, शिक्के कापडी पिशवीत. काकूंनी बैठकीच्या खोलीत टेबलावर फोन उभा केला. समुद्रापलीकडून घड्याळजी दिसला, मांजरही दिसले.

"करा सुरू," नोटरी म्हणाले आणि घड्याळ लावले.

मी म्हणाले, "तुम्ही टॉवेल ओला टाकता."

घड्याळजीला भांडणाची सगळी वाक्ये येत होती. तेवढीच तर तो नीट शिकला होता. त्याने मायेने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "या घरात माझं कुणी ऐकतं का? मी मेलो तरी तुला पत्ता लागायचा नाही." आणि मग हळूच, "थंडी आहे का तिकडे? शाल घेतेस ना?"

मला हसू आवरेना. तोही हसायला लागला. नोटरींनी लिहिले: 'उभयपक्षी हास्य. वेळ, दोन मिनिटे दहा सेकंद.'

काकूंना ते पाहवेना. "असं नाही गं! टॉवेल म्हटलं की टॉवेलवर थांबायचं नाही. टॉवेलवरून बहिणीवर जायचं, बहिणीवरून तिच्या लग्नातल्या मानपानावर."

"माझ्या बहिणीचं नाव मध्ये कशाला?" काका उठून उभे राहिले.

"मी कुठे तुमच्या बहिणीचं घेतलं? चोराच्या मनात काय असतं ते मला ठाऊक आहे!"

"चोर? मी चोर?"

"मग माझी ती निळी सुटकेस कुठाय? सांगा ना या साहेबांसमोर!"

पुढची बावन्न मिनिटे मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. निळ्या सुटकेसवरून गोष्ट काकांच्या नोकरीवर गेली, तिथून भिंतीच्या रंगावर, तिथून एकोणीस वर्षांपूर्वी कुणी कुणाला दवाखान्यात तिष्ठत ठेवले होते त्यावर. नोटरी झपाट्याने लिहीत होते. मध्येच त्यांनी पेन झटकून माझ्याकडे भारावून पाहिले. समुद्रापलीकडे घड्याळजी वहीत नवी वाक्ये टिपून घेत होता.

नोटरींनी अठरा पानांवर शिक्के मारले आणि दाखला कक्षाकडे गेला. महिन्याभराने उत्तर आले.

'सादर केलेले भांडण प्रथम श्रेणीचे असल्याचे कक्ष आनंदाने नमूद करतो. तथापि ते अर्जदाराचे नसून साक्षीदारांचे असल्याचे निदर्शनास आले आहे. अर्जदार स्वतः भांडू शकत नसल्यास, ज्यांचा विवाह निर्विवाद अस्सल आहे अशा साक्षीदारांची हमी ग्राह्य धरता येईल. सबब साक्षीदारांची चाळीस प्रश्नांची परीक्षा घेण्यात यावी.'

"एकतीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "आमची काय परीक्षा घेणार? झोपेत पास होऊ."

काका-काकूंची चाळीसपैकी चार उत्तरे जुळली. त्यांतली दोन पत्त्याची होती. बायकोच्या चहात साखर किती, या प्रश्नाला काकांनी दोन चमचे लिहिले होते. काकूंनी साखर सोडून अकरा वर्षे झाली होती. नवऱ्याला शाळेत काय व्हायचे होते, याला काकूंनी 'काही नाही' लिहिले होते. काकांना मनोऱ्यावरच्या घड्याळाला चावी देणारा माणूस व्हायचे होते. कक्षाने दोघांचा विवाह बनावट ठरवला आणि तसे पत्र स्वतंत्र पाकिटात पाठवले.

त्या दिवशी खालून काहीच आवाज आला नाही. मी घाबरून खाली गेले. दोघे समोरासमोर बसले होते.

"घड्याळाला चावी?" काकू विचारत होत्या. "मला का नाही सांगितलंत कधी?"

"तू बोलू कुठे देतेस?" काका म्हणाले. मग म्हणाले, "साखर का सोडलीस गं?"

मी दार ओढून घेतले. पण माझी हमी गेली ती गेलीच.

मग दुसरे साक्षीदार शोधणे आले. इमारतीत माझ्यासकट एकोणीस बिऱ्हाडे आहेत. बाकीच्या प्रत्येकाने खात्रीने होकार दिला आणि प्रत्येक जण नापास झाला. दातांच्या डॉक्टरांना बायकोच्या बत्तीसही दातांचा इतिहास आठवला, डोळ्यांचा रंग आठवेना. शेवटच्या मजल्यावरच्या नवदांपत्याला एकमेकांच्या आवडीनिवडी तोंडपाठ होत्या. पण त्या दोघांनी जगासाठी फोनवर लिहिलेल्या होत्या आणि एकही खरी नव्हती. निवृत्त मुख्याध्यापकांनी बायकोचा पेपर आधी तपासायला मागितला. महिन्याभरात सगळ्यांना पाकिटे आली. जिन्यात लोक आपापल्या नवरा-बायकोला नवीन ओळख झाल्यासारखा नमस्कार करू लागले.

मी परत खिडकी क्रमांक चारवर गेले.

"म्हणजे एकोणीस बिऱ्हाडांत अस्सल लग्न माझं एकटीचंच निघालं," मी हळूच म्हणाले. "आता तरी द्याल ना?"

बाईंनी बराच वेळ नियम चाळले. "एकोणिसात एक म्हणजे अपवाद झाला. अपवादाला व्हिसा द्यायची तरतूद नाही. लग्न कसं, चारचौघांसारखं हवं." त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "मीही ते चाळीस प्रश्न सोडवून बघितले काल. घरी."

"मग?"

"पुढचा," बाई म्हणाल्या, पण मोठ्याने हाक मारली नाही. कागदाचा एक कपटा माझ्याकडे सरकवला.

त्यावर नियम एकतीस होता. शेवटचा उपाय. अर्जदाराने आपल्या विवाहाची हकीकत जशी घडली तशी लिहून प्रसिद्ध करावी. ती पहिल्या शब्दापासून इथवर वाचणारी प्रत्येक व्यक्ती साक्षीदार मानली जाईल. तिची संमती वेगळी घेण्याची गरज नाही. पाचशे साक्षीदारांचे विवाह अस्सल निघाल्यास व्हिसा तत्काळ.

म्हणून ही हकीकत. आज सकाळी सातला मी पाहिले, मांजराला खुर्चीवर तीन पिल्ले झाली आहेत. घड्याळजी म्हणाला, "तू ये. मी त्यांना सांगेन, जागा राखलेली आहे." माझा सगळा भरवसा आता तुमच्यावर आहे. चाळीस प्रश्न नाहीत, वाचणाऱ्या साक्षीदारांना चारच आहेत. तुमच्या जोडीदाराच्या चहात साखर किती? डोळ्यांचा रंग कोणता? लहानपणी काय व्हायचे होते? आणि शेवटचे कधी हसले, तुमच्यामुळे? लग्न झाले नसेल तर हेच आईबद्दल लिहावे.

उत्तरे लगेच, बसल्या जागी लिहायची आहेत.

अहो, बसा ना. उठून विचारायला कुठे निघालात?