गार रंग

काकासाहेबांना गेला महिनाभर एकही जंतू सापडला नव्हता. जामखेडकडच्या त्या सरकारी दवाखान्यात खोकणारी माणसं रोज यायची. काकासाहेब त्यांचा बेडका काचेवर पसरायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकातून बघायचे आणि लिहायचे, 'क्षयाचे जंतू नाहीत.' खरी गोम अशी की त्यांचा स्पिरिटचा दिवा फुटला होता. लाल रंग ओतल्यावर काच तापवावी, असं पुस्तकात होतं. पण काकासाहेबांनी परस्पर ठरवलं, रंग तो रंग, गरम काय नि गार काय!

डॉक्टर मात्र हरखले. त्यांनी वर कळवून टाकलं, आमच्या भागातला क्षय हटला. झालं! नगरहून मोठे साहेब कौतुक करायला निघाले.

नेमकी त्याच सकाळी मुबारकबी आली. कापडं रंगवणारं घर तिचं. हात कोपरापर्यंत निळे. नवरा दिलावर बाहेर बाकावर खोकत बसलेला. जंतू दिसल्याशिवाय त्याला औषध मिळणार नव्हतं.

"चाची, बेडका रंगवून बगितलाय, जंतू न्हाईत म्हणून लिवून दिलंय की!" काकासाहेब म्हणाले.

"मग रगत का थुकतोय त्यो? माज्यासमोर रंगव."

काकासाहेबांनी रंगवलं. आधी लाल ओतला, तो अॅसिडनं धुतला, वर निळा घातला. मुबारकबीनं कपाळावर हात मारला.

"या अल्ला! गार रंग? असलं लुगडं मी दिलं तर बाई पहिल्याच धुण्याला माज्या तोंडावर फेकंल! वाफ दे त्याला. पर उकळू नको."

काकासाहेब चाट पडले. पुस्तकात हेच लिहिलं होतं, आणि या बाईनं पुस्तक कधी उघडलंसुद्धा नव्हतं! काय म्हणावं तिला! त्यांनी नव्या काचेवर दिलावरचा बेडका पसरला, लाल रंग ओतला, ती चिमट्यात धरून चहाच्या स्टोव्हवर शेकली. बाकीचं उरकून नळीला डोळा लावला. निळ्यात लाल काड्याच काड्या!

"सापडले!" ते ओरडले.

"सापडले!" मुबारकबी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली आणि आनंदानं रडायलाच लागली.

दारात डॉक्टर आणि मोठे साहेब उभे होते.

साहेबांनी काच बघितली. काकासाहेबांनी नोकरीवर पाणी सोडून सगळं कबूल केलं. डॉक्टरांचा चेहरा पार उतरला.

"महिन्याभरातले सगळे पेशंट परत बोलवा," साहेब म्हणाले. मग मुबारकबीकडे वळून त्यांनी चक्क हात जोडले. "बाई, आज थांबाल का? यांना जरा शिकवायला?"

"थांबते की," मुबारकबी डोळे पुसत म्हणाली. "आदी माज्या मानसाला सुई टोचा. मग तुमच्या मानसाकडं बगते."